देवगावच्या तहाची रेघ : अडगाव ते सिरोंचा

वर्धा नदीचा पूल ओलांडून गाडी पुलगावात शिरली की अमरावती विभाग मागं पडतो आणि नागपूर विभाग लागतो. डब्यातल्या कुणाला त्याचा पत्ताही नसतो, पण तेवढ्यात वऱ्हाड संपलेलं असतं. ही सीमा कुणी आखली असं विचारलं तर बहुतेक जण इंग्रजांचं नाव घेतात, आणि ते खरंही आहे. मात्र ती कुठल्या साहेबानं कचेरीत बसून आखलेली नाही. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १५ डिसेंबर १८०३ ला, गाविलगड पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या छावणीत तह झाला. एका बाजूला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र. त्या तहाच्या चौथ्या कलमात ही रेघ आहे : वर्धा नदी, डोंगरातल्या उगमापासून गोदावरीला मिळते तिथपर्यंत.

हा प्रवास त्या एका कलमाचा आहे. मोठ्या लढाईनंतरच्या तहांनी मुलखाच्या सीमा कशा बदलतात, यावर भरपूर लिहिलं जातं, पण ते बहुतेक युरोपाबद्दल असतं. आपल्या विदर्भात मात्र तहाचं वाक्य हातात धरून त्याच्या कडेनं गाडीनं जाता येतं, आणि कोणता शब्द जमिनीवर टिकला, कोणता फसला, हे जागेवर पाहता येतं.

आम्ही डिसेंबरातच निघालो. लढाईचे दिवस हेच होते म्हणून, आणि नदीचं पाणी उतरलेलं असतं म्हणूनही. पावसाळ्यात वर्धा दोन्ही काठ भरून वाहते, तेव्हा तिचं मुख्य पात्र कोणतं हे काठावरून ओळखू येत नाही. बरोबर तहाचा मजकूर घ्या, फार लांब नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे घ्या; त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. मोबाइलवरचं उपग्रह चित्र आधीच उतरवून ठेवा, कारण मेळघाटात आणि जिवतीच्या डोंगरात रेंजचा भरवसा नाही.

सुरुवात अडगावहून करावी. अडगाव बुद्रुक अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, अकोटच्या पश्चिमेला. इंग्रजी कागदांत याचंच नाव ‘अरगाव’. जवळच्या सिरसोलीचं नावही या लढाईला जोडलं जातं. २९ नोव्हेंबर १८०३ ला इथं शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्ली-स्टीव्हन्सन यांच्या फौजा भिडल्या. मराठ्यांच्या पाठीशी अडगावचे मळे आणि कुंपणं होती, समोर नाल्यांनी कापलेलं मैदान. आज त्याच शिवारात तूर आणि पऱ्हाटी उभी असते. नाले मात्र होते तिथंच आहेत, आणि तोफांच्या माऱ्याखाली पलटणी पुढं सरकवणं किती अवघड होतं, हे त्या नाल्यात उतरल्याशिवाय समजत नाही. असईच्या लढाईत टिकलेल्या शिपायांच्या तीन पलटणीसुद्धा इथं आधी पाठ फिरवून पळाल्या आणि वेलस्लीनं त्यांना पुन्हा गोळा केलं.

लढाईपेक्षा तिच्या आधीचा आठवडा पाहण्यासारखा आहे. २३ नोव्हेंबरला वेलस्लीनं शिंद्यांशी तहकुबी, म्हणजे युद्धबंदी, केली होती. अट अशी की शिंद्यांच्या फौजेनं एलिचपूरच्या, म्हणजे अचलपूरच्या, पूर्वेला वीस कोसांवर जाऊन राहायचं. भोसले या तहकुबीत नव्हते. दोन दोस्तांपैकी एकाशी थांबायचं आणि दुसऱ्याशी लढत राहायचं, म्हणजे पहिल्यानं दुसऱ्याला सोडून जावं अशीच मागणी झाली. शिंद्यांची फौज हलली नाही आणि सहाव्या दिवशी लढाई झाली. युद्धबंदीचा कागद वाचताना मुलखाच्या आधी बघायचं ते हे, की त्यात कोण कोण धरलेलं आहे आणि कुणाला वगळलंय.

अकोटहून परतवाड्याकडे जाताना वाटेत अंजनगाव सुर्जी लागतं. पानपिंपरी आणि नागवेलीचं गाव. पानमळ्यांच्या त्या हिरव्या भिंती रस्त्यावरूनही दिसतात, आत गारवा असतो आणि मातीला सदा ओल. ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांचा तह इथं झाला. गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, गुजरातेतलं भडोच, दक्षिणेतलं अहमदनगर आणि अजिंठ्याच्या डोंगराखालचा प्रदेश शिंद्यांच्या हातून गेला तो वऱ्हाडातल्या या गावी. उलट असीरगड, बुऱ्हाणपूर, पावागड आणि दोहद इंग्रजांनी जिंकूनही परत दिले. तहाच्या वाटाघाटी अशाच चालतात. ज्या दिवशी लढाई थांबते त्या दिवशी ज्याच्या हाती जे असेल ते त्याचं, हा हिशेब आधी मांडायचा. मग जिंकलेल्यातलं जे सांभाळायला महाग पडेल ते परत देऊन त्याच्या बदल्यात काहीतरी मागायचं. दिल्ली सप्टेंबरातच इंग्रज सेनापती लेक याच्या फौजेनं घेतली होती. अंजनगावात त्यावर फक्त शिक्का बसला.

आता देवगाव. ते अचलपूर तालुक्यात, गाविलगडाच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. नावाची भानगड लक्षात ठेवा. देवगावं विदर्भात पुष्कळ, धामणगाव रेल्वेकडंही एक आहे. मोबाइलवर नुसतं ‘देवगाव’ टाकलं तर भलत्याच फाट्यावर जाऊन उभे राहाल. अचलपूर किंवा परतवाडा जोडूनच शोधा. आणि तहाचा वाडा, तहाची खोली असलं काही शोधू नका. तह छावणीत झाला आणि छावणी उठली तशी जागाही शेतीत गेली.

या शिवारात उभं राहून तह वाचावा. दुसऱ्या कलमात भोसल्यांनी कटक प्रांत, बालेश्वर बंदरासह, कंपनीला दिला. तिसऱ्यात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख, आणि निजामाबरोबर भागीदारीत जिथला वसूल ते घेत होते तो सगळा. ही भागीदारी म्हणजे दुअमली. एकाच गावावर निजामाचा आमील आणि भोसल्यांचा कमाविसदार असे दोघं हक्क सांगणार, आणि गावकरी दोघांनाही भरणार. या कलमानं दुअमली मोडली, हे मोठंच काम झालं. पण देताना शब्द काय वापरलेत ते बघा : ‘कंपनी सरकार आणि त्यांचे दोस्त’. कोणत्या दोस्ताला काय, हे देवगावात लिहिलंच नाही. ते ठरलं २८ एप्रिल १८०४ ला, हैदराबादच्या वाटणीच्या तहात, आणि वऱ्हाड निजामाकडे गेलं. हरलेल्यानं मुलूख सोडायचा एका कागदावर आणि तो कुणाला मिळाला हे कळायचं दुसऱ्या कागदावर, ज्यावर त्याची सहीच नाही. पहिल्या महायुद्धानंतरही तेच झालं. व्हर्सायच्या तहात जर्मनीनं आपल्या वसाहती सोडल्या त्या ‘मुख्य दोस्त राष्ट्रांच्या’ नावे, वाटणी त्यांनी आपापसात केली.

सगळ्यात जास्त कटकट दहाव्या कलमानं केली. त्यात भोसल्यांनी कबूल केलं की त्यांच्या मांडलिकांशी कंपनीनं जे करार केलेत ते त्यांना मान्य राहतील. हे मांडलिक कोण? यादी तहाच्या मंजुरीच्या वेळी मिळणार होती. म्हणजे सही आधी, यादी मागून. यादी आली तेव्हा त्यात संबळपूर आणि पाटण्याकडचा मुलूख निघाला आणि नागपूर दरबार हादरला. वाद चालत राहिला, आणि १८०६ मध्ये कंपनीनं संबळपूर-पाटणा रघूजींना परत केलं. सीमेच्या तहात ‘यादी नंतर देऊ’ असं जिथं येईल तिथं पुढचं भांडण धरूनच चाला.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला घाट चढून जावं आणि गाविलगडाला अख्खा दिवस द्यावा. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, म्हणून सकाळी लवकर जा आणि उजेडातच बाहेर पडा. पाणी बरोबर ठेवा. आत देवतळं आणि शक्कर तलाव आहेत, पण ते पाणी प्यायचं नाही.

आधी उत्तरेची बाजू बघा. किल्ल्याच्या इतर बाजूंना खोल दऱ्या आहेत, उत्तरेकडं मात्र चिखलदऱ्याचं पठार त्याला येऊन भिडतं. स्टीव्हन्सननं याच बाजूसाठी डोंगरातून सुमारे ३० मैल, म्हणजे जवळपास ४८ किलोमीटर, लबाडा गावापर्यंत लोखंडी तोफा ओढून आणल्या. रस्ता नव्हता, तो करत करत यावं लागलं. वेलस्ली दक्षिणेला पायथ्याशी राहिला आणि लक्ष तिकडं ओढत राहिला. १३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या कोटाला खिंडारं पडली. आतला कोट तसाच होता. १५ ला कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं मधला खोलगट भाग ओलांडून शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग तिथंच पडला. बाहेरच्या आणि आतल्या कोटामधल्या त्या खोलगट जागेत उतरून वर तटाकडं बघा. तिथं शिडी लावायची म्हणजे काय, हे दोन मिनिटांत उमजतं.

मग दक्षिणेच्या तटावर या. आमच्या मते सगळ्या प्रवासात तह समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. खाली अचलपूरचं सपाट रान दूरवर पसरलेलं, पाठीमागं जंगल आणि डोंगर. चौथं कलम म्हणतं की नरनाळा आणि गाविलगड ज्या डोंगरांवर आहेत ते डोंगर भोसल्यांकडे राहतील, आणि डोंगराच्या दक्षिणेचं, वर्धेच्या पश्चिमेचं सगळं कंपनी आणि दोस्तांचं. आता या तटावरून बघा, किल्ला कशावर जगेल? धान्य खालून येतं, शिबंदीचा पगार खालच्या वसुलातून निघतो, वैरण खालची, बाजार खालचा. डोंगरावर माणसं ठेवायची आणि रान दुसऱ्याचं, असा किल्ला वर्षभरही चालत नाही.

म्हणून पाचवं कलम आलं. किल्ल्यांना लागून दक्षिणेला चार लाख रुपये वसुलाचा मुलूख भोसल्यांना द्यायचा, आणि तोही किल्ल्यांबरोबर एकाच वेळी. ‘एकाच वेळी’ हे शब्द फार महत्त्वाचे. किल्ला आज आणि रान सहा महिन्यांनी असं झालं असतं तर देणं न देण्यासारखंच होतं. १८७१ च्या फ्रँकफर्टच्या तहात फ्रान्सनं बेल्फोर्टचा किल्ला राखला, तेव्हाही सारी घासाघीस किल्ल्याभोवती किती रान मिळणार यावरच झाली. जर्मनीनं ते रान वाढवून दिलं आणि बदल्यात लक्झेंबर्गच्या सीमेजवळची लोखंडाच्या खनिजाची जमीन घेतली.

पण चार लाखांचा मुलूख म्हणजे कोणती गावं? तहात आकडा आहे, गावांची नावं नाहीत. इथं जमीन चौरस कोसांत नाही, रुपयांत मोजलेली आहे. परगण्याची कागदावरची कमाल जमा एक असते, चांगल्या सालचा वसूल दुसरा, आणि पाऊस न झालेल्या सालचा तिसराच. १८०३ तर दुष्काळाचं साल, त्यात दोन फौजा वऱ्हाडातून तुडवत गेलेल्या. देणारा जुन्या भरभराटीच्या आकड्यानं गावं मोजणार, म्हणजे कमी गावांत चार लाख बसतील. घेणारा आजचा वसूल दाखवणार, म्हणजे जास्त गावं पदरात पडतील. दोघंही खोटं बोलत नसतात. वसुलाच्या आकड्यावर सीमा ठरवली की साल कोणतं आणि जमा कोणती हे तिथंच लिहून ठेवावं लागतं. नाहीतर पाटील-देशपांड्यांच्या दप्तरांवर पुढची कित्येक वर्षं भांडणं होतात.

आणि रेघ काही लगेच स्थिरावली नाही. भोसल्यांचा हा डोंगराखालचा पट्टा निजामाच्या वऱ्हाडात पाचरीसारखा राहिला. १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, त्यानंतर नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांकडून गाविलगड-नरनाळा आणि हा पट्टा गेला. १८२२ च्या तहात मेळघाट आणि खालचे परगणे निजामाला मिळाले आणि त्याच्या बदल्यात निजामानं वर्धेच्या पूर्वेचे आपले परगणे सोडले. तेव्हा कुठं वर्धा ही वऱ्हाडाची पूर्वसीमा म्हणून पक्की झाली. देवगावात एका वाक्यात लिहिलेली रेघ जमिनीवर यायला १९ वर्षं लागली.

डोंगर उतरून मोर्शीकडं वळलो की नदीचा भाग सुरू होतो. वर्धा उगवते मध्य प्रदेशात, मुलताई तालुक्यात, सातपुड्यात. तहात त्या डोंगराला ‘इंजार्डी’ म्हटलंय. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांतून खाली येत ती सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणात शिरते. मोर्शीजवळ धरणाच्या भिंतीवरून पाहिलं तर समोर मैलभर पाणीच पाणी, आणि जुनं पात्र त्याखाली कुठंतरी. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांची हद्द त्या पाण्याखाली गेलेली आहे. नदीला सीमा करणाऱ्यांनी नदी अशी तळं होईल हे धरलेलं नसतं.

नदी म्हणजे आयती रेघ, असं तह लिहिणाऱ्याला वाटतं. मोजणी नको, दगड नकोत, दोन्ही बाजूंना नाव माहीत. पण काठावर उभं राहिलं की प्रश्न सुटत नाहीत, वाढतात. सीमा कुठल्या काठावर? की मधोमध? मधोमध म्हणजे पावसाळ्यातल्या पात्राच्या की उन्हाळ्यातल्या धारेच्या? मध्ये बेट असलं तर ते कुणाचं? आणि नदीनं पात्र बदललं तर? देवगावच्या तहात यातल्या एकाचंही उत्तर नाही.

उत्तरं पुढच्या शतकात लिहिली गेली, तीही बरंच रक्त सांडल्यावर. २८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहातलं ३० वं कलम मला याबाबतीत सगळ्यात स्वच्छ वाटतं. ज्या नदीत नावा चालत नाहीत तिथं पात्राची, किंवा तिच्या मुख्य फाट्याची, मध्यरेषा ही सीमा. जिथं नावा चालतात तिथं नावांच्या मुख्य मार्गाची मध्यरेषा. आणि नदी सरकली तर सीमाही सरकेल, की तह लागू झाला त्या दिवशीच्या पात्रावर कायमची राहील, हे सीमा आयोगानं जागेवर जाऊन, त्या त्या ठिकाणापुरतं ठरवायचं. या शेवटच्या वाक्यानं किती भांडणं वाचतात हे कळायला १८४८ चा ग्वादालूप हिदाल्गोचा तह पाहावा. त्यात अमेरिका आणि मेक्सिकोची सीमा रिओ ग्रांदे नदीवर ठेवली. १८६४ च्या सुमारास एल पासोजवळ नदी दक्षिणेकडं सरकली आणि मधला चामिझालचा तुकडा कुणाचा हा वाद १९६३ पर्यंत चालला. शेवटी दोन्ही देशांनी नदीला सिमेंटच्या कालव्यात बांधून टाकलं. वाद फिरत राहिला तो एकाच मुद्द्यावर : नदी हळूहळू गाळ टाकत सरकली असेल तर सीमा तिच्याबरोबर जाते, पण एका पुरात एकदम नवं पात्र घेतलं तर सीमा जुन्या पात्रातच राहते. चामिझालला काय झालं होतं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होत नव्हतं.

वर्धेच्या काठी हा प्रश्न पुस्तकातला नाही. रेतीघाटावर या, लगेच दिसेल. पुरात रेतीचा पट्टा एका काठावरून निघून दुसऱ्या काठाला जाऊन बसतो. अलीकडचा घाट एका जिल्ह्याचा, पलीकडचा दुसऱ्याचा, मधल्या बेटावरच्या रेतीवर दोघांचा डोळा. तिथं १८०३ ची रेघ ट्रॅक्टरच्या चाकाखाली असते.

कौंडण्यपूरला थांबावंच. तिवसा तालुक्यातलं, नदीच्या पश्चिम काठावरचं, रुक्मिणीचं माहेर. घाटाच्या पायऱ्या थेट पात्रात उतरतात आणि पलीकडं आर्वी तालुक्याचं शिवार दिसतं. पाणी शांत, मध्ये खडकांचे काळे कणे, काठाला एखादा डोंगा. तहात या पाण्याचा उल्लेख मुलूख तोडणारी रेघ म्हणून आहे. पलीकडून दर्शनाला येणाऱ्यांसाठी ती ओलांडायची वाट आहे.

इथून पुलगावकडं जाताना दोन्ही काठांची जुनी दप्तरं डोक्यात ठेवून बघा. माती एकच, काळी. पऱ्हाटी एकच. पण पश्चिमेला, वऱ्हाडात, इंग्रजांनी मुंबईच्या धर्तीवर रयतवारी आणली. शेतकरी स्वतः खातेदार, सारा थेट सरकारात. पूर्वेला, मध्य प्रांतात, १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजाराला गावाचा मालक ठरवलं. शेतकरी त्याचं कूळ. म्हणून पूर्वेच्या जुन्या कागदांत मालगुजार, निस्तार (सरपण-चराईसारखे गावकऱ्यांचे हक्क), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद) असे शब्द भेटतात आणि नदी ओलांडली की देशमुख, पाटील, खातेदार. मालगुजारी कायद्यानं संपली ती १९५१ मध्ये. चंद्रपूर-गडचिरोलीकडं जे ‘मामा तलाव’ म्हणतात ते म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तलाव झाले भाताच्या गरजेपोटी, नाव मात्र त्या बंदोबस्तातून आलं. सीमेचा खरा परिणाम असा दीडशे वर्षांनी सातबाऱ्यात आणि पाण्याच्या हक्कात सापडतो.

थोडी वाकडी वाट करून हिंगणघाटला जावं. विल्यम लॅम्बटन, ज्यानं १८०२ मध्ये मद्रासहून भारताच्या मोठ्या त्रिकोणी मोजणीला सुरुवात केली, तो जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडं जाताना इथं वारला. त्याची कबर इथं आहे. साल बघा. देवगावचा तह झाला तेव्हा ही मोजणी वऱ्हाडाच्या आसपासही नव्हती. रेघ आधी, मोजणी मागून. चौथं कलम नकाशाचं नाव काढत नाही, आणि एका अर्थी ते बरंच झालं. ग्वादालूप हिदाल्गोच्या तहाला डिस्टर्नेलचा नकाशा जोडला होता, त्यात एल पासो गावच चुकीच्या जागी होतं. सीमा आयोग नकाशावर अडला आणि १८५३ मध्ये अमेरिकेनं तिथली जमीन एक कोटी डॉलर देऊन विकत घेतली तेव्हा वाद मिटला. व्हर्सायवाल्यांनी २९ व्या कलमात लिहून ठेवलं की नकाशा आणि मजकूर जुळले नाहीत तर मजकूर खरा. त्यांचा नकाशा दहा लाखांस एक प्रमाणाचा होता. त्यावर एक मिलिमीटर जाडीची तांबडी रेघ म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर रुंदीचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात गावंच्या गावं मावतात.

घुग्गुसजवळ वढ्याला पैनगंगा वर्धेला मिळते. पैनगंगा ही वऱ्हाडाची दक्षिण सीमा. १८५३ मध्ये निजामानं हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, १९०२ मध्ये ते साल २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं गेलं, आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. वर्धेचे दोन्ही काठ त्या दिवशी एका राज्यकारभारात आले, तरी जिल्ह्यांची हद्द नदीवरच राहिली. पैनगंगेच्या दक्षिणेचं मात्र निजामाकडंच होतं.

म्हणून राजुरा वेगळं. बल्लारपूरहून नदी ओलांडली की राजुरा तालुका, वर्धेच्या पश्चिमेला. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, आदिलाबादकडं होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. १७ सप्टेंबर हा हैदराबाद मुक्तिदिन चंद्रपूर शहरात नुसती एक तारीख असते, राजुऱ्यात तो साजरा होतो. आज नागपूर विभागानं वर्धा ओलांडून पश्चिमेला पाय टाकलाय तो इथं.

इथूनच पुढं डोंगरात जिवती. या तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा आहे. मुकदमगुडा, परमडोली, महाराजगुडा ही त्यातली. दोन ग्रामपंचायती, दोन रेशनकार्डं, दोन मतदारयाद्यांत नाव. महाराजगुड्यात तर एक घर असं की काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात. नदी असती तर निदान काठ दाखवता आला असता. डोंगरावर रेघ फक्त कागदात असते. जाताना एक पाळा : गावकऱ्यांना ‘तुम्ही नक्की कुठले’ असं विचारू नका. जमिनीचा पट्टा कुणाच्या नावे, पीककर्ज कोण देतं, जातीचा दाखला कुठं चालतो, हे त्यांचे खरे प्रश्न आहेत, आणि रेघ ठरल्याशिवाय ते सुटत नाहीत.

शेवटचा टप्पा चपराळा. तिथं वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि पुढं नदीचं नाव होतं प्राणहिता. आता कलम पुन्हा वाचा. सीमा ‘वर्धा गोदावरीला मिळते तिथपर्यंत’. वर्धा गोदावरीला मिळतच नाही! मिळते ती प्राणहिता, आणि संगमावर बघितलं तर दोघींत वैनगंगा मोठी. तह लिहिणाऱ्यांनी वर्धेचंच नाव खालपर्यंत ओढलं. ही चूक बाधली नाही याचं कारण एवढंच की संगमाच्या खाली एकच नदी उरते. उलट वरच्या अंगाला, दोन फाट्यांपैकी मूळ नदी कोणती असा प्रश्न आला असता, तर हीच चूक परगण्याएवढी महाग पडली असती.

चपराळ्यापासून प्राणहिता सुमारे ११३ किलोमीटर जाते. डाव्या काठाला गडचिरोली जिल्हा, उजव्या काठाला तेलंगणा. वर्धेवर जी रेघ विभागांची हद्द होऊन उरली, ती इथं अजून दोन राज्यांची सीमा आहे. आलापल्लीनंतर जंगल लागतं. पेट्रोल अहेरीलाच भरून घ्या आणि सिरोंचा उजेडी गाठा.

सिरोंच्याला दुकानांच्या पाट्या मराठीत आणि बोलणं तेलुगूत. आता दोन पूल झालेत, एक प्राणहितेवर, एक गोदावरीवर, आणि पलीकडं कालेश्वरम. संगमावर डिसेंबरात पाणी उथळ असतं, रेतीचे लांब पट्टे उघडे पडतात. प्राणहितेची धार कुठं संपते आणि गोदावरीची कुठं सुरू होते, ते काठावरून बोट दाखवून सांगता येत नाही. पाण्यात गुडघाभर जाळं धरून उभ्या असलेल्या कोळ्यांना विचारलं, तर ते पायाखालच्या रेतीवरून सांगतात.